अकोल्याला जाणारी गाडी

कानिफनाथला मी पहिलीपासून ओळखतो. राजूरच्या अलीकडच्या आमच्या वाडीतला हा पोरगा भाताच्या खाचरातला चिखल तुडवता तुडवता एकदम मोठ्या प्रवासी जहाजावर पाव भाजायला गेला. तीन हजार माणसांचा नाश्ता! त्याच्या पासपोर्टाचा फॉर्म मीच भरला. वाडीत इंग्रजी येतं ते मलाच, असा माझा समज होता आणि तो मी गावाचाही करून दिला होता. शाळेतून निवृत्त झालो तरी लोक कागद घेऊन माझ्याच ओट्यावर यायचे आणि मी भाव खायचो.

२०२० च्या जानेवारीत त्याला मुलगी झाली. निकिता. एप्रिलमध्ये करार संपला की तो घरी येणार होता, पण मार्चात करोना आला. प्रवाशांना उतरवलं, कामगारांना मात्र कुठलंच बंदर घेईना. ज्यांनी इतकी वर्षं लोकांना खाऊ घातलं, त्यांना पाय टेकायला जागा नाही! मला अजून संताप येतो. जहाज या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला फिरत राहिलं आणि कानिफ एका खोलीत कोंडलेला. फोनवर त्याचं एकच पालुपद.

"गुरुजी, पोरगी वळखंल का वो मला?"

"अरे, एवढंसं लेकरू. त्याला काय कळतंय?"

"त्याचंच तर भ्या वाटतंय."

जूनमध्ये जहाज एकदाचं मुंबईला लागलं. तपासण्या झाल्या, जिल्ह्याजिल्ह्याच्या गाड्या ठरल्या. सकाळी त्याचा फोन आला, "गाडीत बसलो गुरुजी, अकोल्याला निघालो." त्याची बायको ज्ञानेश्वरी हे ऐकून तिथंच रडायला लागली. मी वाडीभर सांगत सुटलो.

दुपारी पुन्हा फोन. आवाज पार उतरलेला.

"गुरुजी, घोटी मागं पडली. गाडी आपल्याकडं वळलीच न्हाई."

"वळली नाही? मग कुठं चाललीय?"

"अकोल्याला."

"अरे, मग बरोबर आहे की!"

"तसं न्हवं गुरुजी. त्या अकोल्याला! विदर्भातल्या!"

आपल्या भाषेचीही कमाल आहे. आमचं तालुक्याचं अकोले काय नि ते अकोला काय, जायचं म्हटलं की दोन्हीकडे 'अकोल्याला'च. बंदरावर साहेबानं विचारलं, "अकोल्याला ना?" हा म्हणाला, "व्हय सायेब, अकोल्यालाच." दोघंही खरंच बोलले. पण साहेबाच्या हातातल्या यादीत पासपोर्टावरून उतरवलेलं तालुक्याचं नाव होतं, आणि पासपोर्टात अकोल्याच्या स्पेलिंगात शेवटी 'E' ऐवजी 'A' होता. तो मी लिहिलेला. जुन्या सरकारी कागदांवर तसंच असायचं, हा माझा बचाव. पुढं जिल्हा अहमदनगर लिहिलेला होता, पण तिथपर्यंत वाचतो कोण?

ड्रायव्हर त्याला उतरवायला तयार नव्हता. त्याचंही चुकत नव्हतं. प्रवासाचा पास त्या अकोल्याचा. मध्येच उतरलेल्या माणसाला ना पोलिसांनी पुढं सोडलं असतं, ना कुठल्या गावानं आत घेतलं असतं. आणि तिकडं पोहोचला तर चौदा दिवस तिथं विलगीकरणात, पुन्हा नवा पास, पुन्हा चौदा दिवस इकडं.

मी मोटारसायकलला किक मारली आणि तहसील कचेरी गाठली. तिथला कारकून म्हणाला, "चूक कोणाची ते अर्जात लिहा." चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या. लिहिलं: चूक माझी. खाली सही केली. सही-शिक्क्याचं पत्र मिळालं, त्याचा फोटो ड्रायव्हरच्या मोबाईलवर धाडला. वाडीतला बजरंग त्या दिवशी दुधाचा टेम्पो घेऊन नाशिकला गेला होता. त्याला तसाच पुढं चांदवडला पिटाळला. ड्रायव्हर भला माणूस, जेवणाची पाकिटं वाटायच्या निमित्तानं तिथं तासभर थांबला. रिकाम्या कॅनांमध्ये बसून आमचा जहाजवाला वाडीत पोहोचला.

पुढचे चौदा दिवस तो शाळेत, माझ्याच जुन्या वर्गात. लेकराला तिकडं आणायचं नाही, असं गावानं ठरवलं होतं. मी खिडकीबाहेर उभा राहून त्याला सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय गुरुजी. पासपोर्ट काढताना तिथल्या बाईंनी इचारलं हुतं, हे बरोबर हाय का म्हनून. मी म्हनलं, गुरुजींनी लिवलंय, मंजी बरोबरच आसनार."

तो हसत होता. मला मात्र इतकी लाज वाटली, की मी तडक घरी आलो.

पंधराव्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून शाळेच्या अंगणात उभा राहिला. ज्ञानेश्वरी निकिताला कडेवर घेऊन आली. कानिफनं हात पुढं केले, "ये, माझी बाय." पोरीनं त्याच्याकडं पाहिलं, ओठ काढला आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. त्याचे हात तसेच राहिले.

मग तो हळूच म्हणाला, "निकू, ए निकू."

पोरीनं झटकन मान वर केली आणि आईच्या हातातल्या मोबाईलकडं पाहिलं. मोबाईलचा पडदा काळा. तिनं त्याच्यावर दोन थापट्या मारल्या. पाच महिने तिचा बाप त्याच्यातच तर राहत होता.

कानिफ रडता रडता पुढं झाला, अगदी तिच्या तोंडासमोर. "निकू, हिकडं हाय मी."

ती एकदा मोबाईलकडं, एकदा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग पुढं झुकून तिनं त्याचा खालचा ओठ मुठीत गच्च धरला आणि सोडेचना.

"वळखलं, गुरुजी," तो म्हणाला. पण ओठ तिच्या मुठीत, त्यामुळं ते त्याला दोनदा सांगावं लागलं.