काळजाचे डॉक्टर

रेवदंड्याच्या खाडीवरची ती घटना इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत खून, दरोडे, चोरटं सोनं सगळं पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. हे प्रकरण विसरता आलं नाही. त्यातल्या माणसांचे नातेवाईक अजून त्या किनाऱ्यावर राहतात, म्हणून कोणाचंही नाव देत नाही.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. कुलाबा जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. कौलारू इमारत, पुढे ओटा, मागे कोठडी, हाताखाली एक वयस्कर जमादार आणि थोडे शिपाई. दारूबंदीचे दिवस होते. सकाळचा वेळ हातभट्ट्यांचे पंचनामे करण्यात जायचा आणि जप्त केलेल्या गुळाच्या रसायनाचा वास दुपारपर्यंत नाकातून जायचा नाही. फोन फक्त पोस्टात होता.

त्याच गावात एक डॉक्टर जोडपं दवाखाना चालवत होतं. दोघंही मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हृदयरोगावर काम केलेले. मुंबई सोडून ते इथे का आले, हे कोणाला कळत नसे. मी एकदा विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तिथे आमच्याकडे येणाऱ्या दर चार मुलींतली एक या किनाऱ्यावरून बोटीने आलेली असायची, आणि बहुतेक वेळा उशिरा. म्हटलं, आपणच अलीकडे यावं."

लहानपणी सांधे सुजून ताप येतो, घरचे त्याला वाढीचं दुखणं म्हणतात, ताप जातो आणि हृदयाची झडप आकसून बसते. तो रोग शोधत दोघं गावोगाव फिरायचे. हृदयाचा आलेख काढायचं यंत्र एका काळ्या पेटीत होतं. ती पेटी होडीतून, बैलगाडीतून, कधी माणसाच्या डोक्यावरून जायची. कोळीवाड्यात त्यांना 'काळजाचे डॉक्टर' म्हणत. बाईंना नुसतं डॉक्टरीणबाई.

पावसाळा संपून होड्या पुन्हा पाण्यात गेल्या होत्या. एका दुपारी खाडीवरचा तरीवाला ओरडत ठाण्यात आला. डॉक्टर पलीकडच्या गावात रोगी तपासायला गेले होते, परतीच्या वेळी तिथल्या धक्क्यावर पडले, डोकं फुटलं. तरीवाल्याने त्यांना होडीत घालून आणलं होतं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई त्यांच्या डोक्याला पट्टी बांधत होत्या. डॉक्टर शुद्धीवर होते.

"शेवाळावरून पाय घसरला," ते म्हणाले. "तुमच्या डायरीत तसं लिहा आणि चहा घेऊन जा."

मी तसं लिहिलं. अपघातावर संशय घ्यावा असं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार उठल्यावर पलीकडच्या गावची एक कोळीण ठाण्याच्या ओट्याशी येऊन बसली. रिकामी पाटी बाजूला ठेवून तिने इकडेतिकडे पाहिलं. जमादाराने काय काम आहे विचारलं तर म्हणाली, "सायबाशी बोलायचंय." मी बाहेर आलो.

"डॉक्टर पडला न्हाय, सायेब. त्याला ढकललान."

"कोणी?"

तिने नाव सांगितलं. तिच्याच शेजारचा तरुण, मचव्यावर खलाशी होता. धक्क्याजवळ बांबूंच्या वलांडीवर ती बोंबील वाळत घालत होती. तो तरुण डॉक्टरांशी जोरजोराने बोलत होता, मग दोन्ही हातांनी त्याने त्यांना मागे लोटलं आणि डॉक्टर पायऱ्यांवर आपटले. लोटल्यावर तोच खाली धावला, डॉक्टरांचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडत बसला. तरीवाला येताना दिसल्यावर डॉक्टरच त्या तरुणाला म्हणाले, "तू जा."

"तू कालच का आली नाहीस?"

"चांगला पोरगा हाय तो. त्याची बायको नुकतीच गेली, पोटात पोर घेऊन." तिने पदर डोळ्यांना लावला. "पन डॉक्टरनं माझ्या भावाला वाचवलाय. रातभर डोला लागला न्हाय मना."

माझा अनुभव असा आहे की सूड म्हणून खबर देणारा माणूस फार बोलतो. मनावर ओझं असलेला माणूस थोडकं बोलून उठतो. ती लगेच उठून गेली.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. चेहरा आदल्या दिवसापेक्षा उतरला होता, बोलताना शब्द अडखळत होते. बाईंनी अलिबागहून सिव्हिल सर्जनला बोलावणं पाठवलं होतं. मी डॉक्टरांना त्या तरुणाचं नाव घेऊन विचारलं.

"माझा पाय घसरला," ते म्हणाले.

"साक्षीदार आहे, डॉक्टरसाहेब."

"असेल. त्याची बायको आठव्या महिन्यात आमच्या दारात गेली. त्याला छळू नका."

"त्याचा तुमच्यावर राग कशासाठी?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. "रोग्याच्या घरच्या गोष्टी मी ठाण्यात सांगत नाही. तुम्ही खोदायला लागलात तर तिथे आणखी एक जीव जाईल."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

तरुणाला ताब्यात घ्यायला शिपाई गेले तर तो घराच्या पडवीतच बसलेला होता. पळायचा विचारही केला नव्हता. त्याला ठाण्यात आणलं. आमच्या जमादाराची एक सवय होती. गप्प बसणाऱ्याला तो काही विचारत नसे, त्याच्यासमोर पेजेची वाटी ठेवून आपलं काम करत राही. त्या दिवशीही त्याने तेच केलं. पेज निवून गेली आणि तो तरुण एकदम म्हणाला, "मीच ढकलला. मारायचा न्हवता, सायेब. नुसता विचारत होतो."

"काय विचारत होतास?"

"म्हायत असून मना का सांगितलं न्हाय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नाला वर्ष झालं होतं. बायको हसरी, कामाला मागे न राहणारी. घर टेकाडावर होतं. पाणी घेऊन चढताना ती मध्येच थांबायची, म्हणायची, गजरा सुटला. हंडा खाली ठेवून गजरा नीट करायची आणि मग चढायची. "मना वाटायचा, नटवी हाय. मी हसायचो," तो म्हणाला.

दिवस गेल्यावर तिला दम लागू लागला. बायका म्हणाल्या, पहिलटकरणीला होतं असं. आठव्या महिन्यात एका सकाळी तिच्या तोंडातून लाल फेस आला. त्याने होडी काढली, खाडी ओलांडून दवाखाना गाठला. दारात डॉक्टरीणबाईंनी तिला ओळखलं. त्यांनी खूप धडपड केली. ती आणि मूल दोन्ही गेलं. तेव्हा बाई भिंतीला टेकून रडत म्हणाल्या होत्या, "हिला मूल होऊ देऊ नका म्हटलं होतं ना आम्ही!"

हे एकच वाक्य घेऊन तो घरी गेला होता. डॉक्टरांना ठाऊक होतं आणि त्यांनी आपल्याला सांगितलं नाही, याच्यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं.

त्याला अटक करून अलिबागच्या कोर्टापुढे उभं केलं आणि कोठडी घेतली. पण 'म्हटलं होतं' म्हणजे कोणाला, हा प्रश्न राहिला. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. नवऱ्याच्या उशाशी बसून त्या त्यांची नाडी पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "तिच्या वडिलांना. लग्नाच्या आधी. याच खोलीत बसवून मी कागदावर हृदय काढून दाखवलं होतं. झडप आकसलीय, मुंबईला शस्त्रक्रिया होते, आम्ही बरोबर येतो, तोवर लग्न नको आणि मूल तर मुळीच नको. त्यांनी हात जोडले. पुन्हा आले नाहीत. आम्हाला वाटलं, मुंबईला गेले असतील."

आता मला डॉक्टरांचं बोलणं कळलं. जावयाला हे समजलं तर तो सासऱ्याचा जीव घेईल, अशी त्यांना भीती होती.

सिव्हिल सर्जन आले. डोक्याच्या आत रक्तस्राव होत होता. डॉक्टरांना हलवण्यासारखी स्थिती नव्हती. मामलेदारांनी येऊन मृत्युपूर्व जबानी घेतली. जबानीतही ते म्हणाले, पाय घसरला. दुसऱ्या सकाळी ते गेले. बाईंनी स्वतःच त्यांच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि नळी काढून घडी घालून ठेवली.

कोळीवाड्यातून, आगरातून, मुसलमान मोहल्ल्यातून माणसं आली. त्यांच्यात मुलीचा बाप होता. जाळी विणून पोट भरणारा, वाळून गेलेला माणूस. तो स्मशानातून सरळ ठाण्यात आला. मी अजून त्याला बोलावलंही नव्हतं.

"सायेब, माझ्या जावयाला मना भेटवा," तो म्हणाला. "माझ्यामुलं झालाय सगला."

"डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

"व्हय."

"मग?"

"बिनआयशीची पोर. मी उद्या मेलो तर तिला कोन? कालीज फाडतात म्हनला, जीव घाबरला. आन् रोग हाय सांगितला असता तर कोन करून घेतला असता तिला? बाया म्हनल्या, लगीन झाला का बरी व्हते. मना तेच ऐकायचा होता."

दोघांना समोरासमोर आणावं का, याचा मी विचार केला. जमादार म्हणाला, "साहेब, आज ना उद्या त्याला कळणारच. आत असताना कळलं तर निदान मध्ये गज आहेत." ते मला पटलं.

म्हाताऱ्याने कोठडीच्या दाराशी बसून सगळं सांगितलं. मान वर केली नाही. आम्ही सगळे सावध उभे होतो. पण जावई ओरडला नाही. त्याने इतकंच विचारलं, "तिला ठावं होता?"

"दम लागतो ते ठावं होता. कोनाला सांगू नको, मीच बोललो तिला."

"आन् पोर व्हवू द्यायचा न्हाय, ते?"

 म्हातारा म्हणाला, "ते तिला बी न्हाय सांगितला."

तरुणाने गज धरले. "डॉक्टर कसा हाय?" त्याने मला विचारलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तो हळूहळू खाली बसला आणि सासऱ्याकडे पाहत म्हणाला, "मंग मी कोनाला मारला, बापा?"

म्हाताऱ्याने गजांतून हात घालून त्याचं डोकं धरलं. जमादाराने तोंड फिरवलं. मीही बाहेर ओट्यावर आलो.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. त्याने मॅजिस्ट्रेटपुढे आपणहून कबुलीजबाब दिला. डॉक्टरांची जबानी त्याच्या बाजूने होती, ती वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर खोटा बोलला, माझ्यासाठी." डॉक्टरीणबाईंनी साक्षीत सांगितलं की आपली काही तक्रार नाही. सदोष मनुष्यवधाखाली त्याला काही वर्षांची सक्तमजुरी झाली. कायद्याच्या हिशेबाने शिक्षा हलकी होती.

दवाखाना बंद होईल असं सगळ्यांनी धरलं होतं. महिनाभराने दार उघडलं. माझी बदली होईपर्यंत मी बाईंना ती काळी पेटी घेऊन तरीवर जाताना पाहत असे. मुलीच्या बापाचे पाय सुजू लागले होते. तो लाजेने दवाखान्यात येत नव्हता, म्हणून बाईच खाडी ओलांडून त्याच्या झोपडीत जात.

"तुम्हाला राग येत नाही?" मी विचारलं.

"येतो ना," त्या म्हणाल्या. "त्याला औषध देऊन घरी आले, की येतो." मग म्हणाल्या, "पण फौजदारसाहेब, एक गोष्ट मला झोपू देत नाही. ती मुलगी त्या दिवशी इथेच बाकावर बसली होती. चांगली सतरा-अठरा वर्षांची. आम्ही तिला बाहेर बसवलं आणि बापाला आत घेऊन सांगितलं. हृदय तिचं होतं. आता मी आधी मुलीला आत घेते आणि बापाला बाहेर बसवते. लोकांना आवडत नाही."

पुढे निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो तेव्हा बाई थकल्या होत्या, पण दवाखाना चालू होता. शिक्षा भोगून तो खलाशी परत आला तेव्हाची हकीकत त्यांनी सांगितली. घरी जाण्याआधी तो दवाखान्यात आला आणि रोग्यांच्या रांगेत बसून राहिला. पाळी आल्यावर आत जाऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, "बस." तो म्हणाला, "मना काय न्हाय झालेला." "माहीत आहे. तरी बस," असं म्हणून त्यांनी त्याची छाती तपासली. सासरा तोवर वारला होता. म्हाताऱ्याच्या जाळ्याचं सामान शेजाऱ्यांनी जपून ठेवलं होतं, ते कुठे आहे एवढं बाईंनी त्याला सांगितलं. 

गुन्हा उघडकीला आला, आरोपीने कबुली दिली, शिक्षा झाली. वरिष्ठांनी तपासाबद्दल शाबासकीही दिली. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. या प्रकरणात वाईट माणूस मला सापडला नाही. बापाने मायेपोटी लपवलं, डॉक्टरांनी दयेपोटी लपवलं, आणि ज्या पोरीचा जीव त्यात गेला तिला कोणी काही विचारलंच नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत घरातली मोठी माणसं ठाण्यात येऊन एखाद्या मुलीबद्दल बोलू लागली, की मी त्यांचं ऐकून घेई, आणि मग म्हणे, "ठीक आहे. आता तुम्ही थोडा वेळ बाहेर ओट्यावर बसा. तिला आत पाठवा."