सुभद्राबाईंच्या अंगावरची खूण

सुभद्राबाई आजारी पडल्या हे पुसेगावात बरेच दिवस कुणाला पटलंच नाही. ज्या बाईनं साठी गाठेपर्यंत तापाला आणि खोकल्याला ‘मला आत्ता सवड न्हाई’ म्हणून दारातूनच परत धाडलं, तिच्याकडे कॅन्सर गेलाच कसा? पण गेला, आणि न विचारता आत येऊन बसला. छातीत डाव्या बाजूला गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि मग रोज हिंगोलीच्या दवाखान्यात शेक घेणं सुरू झालं.

‘शेक’ हा गावाचा शब्द. डॉक्टर रेडिएशन म्हणतात. पहिल्या दिवशी सुभद्राबाईंनी त्या गारठलेल्या खोलीचे चारी कोपरे न्याहाळले आणि मशीन चालवणाऱ्या निताला विचारलं, “बाई, शेक म्हनता, अन् शेगडी कुठं हाय?” बाहेर आल्यावर नवऱ्याला सांगितलं, “नुसतं गुरगुरतं. चावत न्हाई.”

नवरा म्हणजे संपतराव. जातीचा मेंढपाळ माणूस. कळप पोरावर, हनुमानवर सोपवून ते रोज बायकोसोबत एसटीनं येत. दवाखान्याच्या बाकावर दोन गुडघ्यांत काठी धरून असे बसत, की आतलं मशीन बुजून पळालंच तर वळवून आणायची जबाबदारी यांची.

निताने सुभद्राबाईंच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या होत्या आणि मधे एक फुली. “मावशी, किरणं बरोबर इथंच पडली पाहिजेत. रेघा पुसू द्यायच्या नाहीत. साबण नाही, तेल नाही, घासणं नाही.” डॉक्टरीणबाईंनी, डॉ. पल्लवींनी, आणखी एक बजावलं होतं, “शेक मधेच तुटू द्यायचा नाही.”

पोथीतली ओवी समजावी तसं हे सुभद्राबाईंना समजलं. त्यांचं सगळं घरच खुणेवर चालतं. चार कळप एका पाण्यावर आले की मेंढरांना कुठं ठाऊक, आपला मालक कोण? म्हणून मेंढराच्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वरच्या अंगाला, ज्याच्या त्याच्या घराची रंगाची खूण. संपतरावांच्या घरची खूण म्हणजे दोन तिरप्या रेघा आणि खाली टिंब. खूण पुसली की भांडण आलं. म्हणून रंग उडाला रे उडाला की तो ताजा करायचा, हा रिवाज.

एका रविवारी, दवाखाना बंद असताना, ऊन असं तापलं की पत्र्याखाली माणसाचं कालवण व्हावं. संध्याकाळी सुभद्राबाईंनी हाक मारली.

“अवो, बघा बरं जरा. रेघ गेली का?”

संपतरावांनी चष्मा लावला. “जाऊन राहिली. खालची तर दिसतबी न्हाई.”

“आता वो? उद्या मशीन वळखंल का मला?”

“काहून न्हाई वळखनार? रोज तर जाऊन राहिली.”

“तुमी बिनरंगाचं मेंढरू वळखता, ते घरचं म्हनून. मशीनचं अन् माझं काय नातं हाय?”

हा मुद्दा बिनतोड होता. संपतराव उठले. मेंढरांचा ऑइलपेंटचा डबा उचलला, झाकण उघडून वास घेतला आणि परत ठेवला. “ह्यानं आग व्हईल तुला.” मग वाटीत पाण्यात गेरू कालवला, काडीला कापूस गुंडाळला.

“हलू नको.”

“मंग गुदगुल्या काहून करून राहिले?”

“मेंढरू बरं तुझ्यापरीस. बोलत तर न्हाई.”

रेघा झाल्या, फुली झाली. आणि हाताला जन्माची सवय. फुलीच्या शेजारी दोन तिरप्या रेघा आणि टिंब कधी उमटलं, ते काढणाऱ्यालाही कळलं नाही.

सोमवारी निताने चादर बाजूला केली आणि तशीच थांबली. “मावशी, हे काय?”

“ताजं करून आनलं,” सुभद्राबाई ऐटीत म्हणाल्या.

“आणि ह्या दोन रेघा?”

“त्या आमच्या घरच्या.”

निता खुदकन हसली. पण मशीनचा उजेड फुलीवर धरला, तेव्हा तिचं हसू मावळलं. फुली दोन बोटं सरकली होती. किरणंही तेवढीच सरकली असती, तर दुखणं राहिलं असतं बाजूला आणि चटका काळजाला. तिने मशीन बंद केलं आणि बाहेर येऊन संपतरावांना सगळं सांगितलं.

“म्हंजे आज शेक न्हाई?”

“मामा, खरी जागा दाखवायला आम्ही सुईनं गोंदलेले बारीक ठिपके आहेत. ते तुमच्या रंगाखाली गेलेत. शेकानं कातडी नाजूक झालीय, खरवडता येणार नाही. रंग निघाला नाही तर शेक बंद ठेवावा लागेल. किती दिवस, ते डॉक्टरच सांगतील.”

संपतराव बाकावर बसले. काठी घरंगळून पडली, ती त्यांनी उचलली नाही. शेक तुटू द्यायचा नाही, एवढं एकच तर सांगितलं होतं, आणि तोच आपल्या हातानं तुटत होता. शेजारच्या माणसानं पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी ती नुसती हातात धरली.

डॉ. पल्लवी आल्या. “काका, रंग कसला लावलाय? ऑइलपेंट?”

“न्हाई बाई. गेरू हाय. पान्यातला. पेंटानं तिला तकलीफ झाली असती.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. “मग निघेल,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

ओल्या कापसाचे बोळे फिरत राहिले, लेकराचं तोंड पुसावं इतक्या हळू. तिरप्या रेघा गेल्या, टिंब गेलं, सरकलेली फुली गेली. खालून तिळाएवढा निळा ठिपका वर आला, मग दुसरा, मग तिसरा. निताने मापं दोनदा तपासली. मशीन गुरगुरलं. बाहेर तो आवाज ऐकून संपतराव उभे राहिले आणि तो थांबेपर्यंत उभेच राहिले.

सुभद्राबाई पदर सारखा करत बाहेर आल्या.

“झालं?”

“झालं.”

“बराबर जागी?”

“डॉक्टरीनबाई म्हनल्या, बराबर.”

संपतरावांनी घाम पुसला. “आजपासून म्या हात न्हाई लावनार तुला.”

सुभद्राबाईंनी आजूबाजूला पाहिलं. बाकावरची सगळी मंडळी कान टवकारून बसली होती. त्यांनी आवाज खाली आणला, तरी तो शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलाच.

“हात लावा,” त्या म्हणाल्या, “रंग लावू नका.”