घाटातली सलग रेघ

घाटात नवं डांबर पडलं होतं. काळाभोर, गुळगुळीत रस्ता, आणि त्यावर अजून एकही पांढरी रेघ नव्हती. पुढचा ट्रक रखडत होता, म्हणून मी गाडी उजवीकडे घेऊ लागले. बाबांनी याच घाटात तीस वर्षं बस चालवलेली. शेजारी डोळे मिटून बसलेले ते म्हणाले, "थांब. इथं सलग रेघ आहे, ओलांडायची नाही."

मी गाडी पुन्हा ट्रकमागं घेतली. वळणाआडून एक टँकर धुकं फाडत येऊन गेला.

ज्यानं रेघ आखली, त्यानं वळणापलीकडचं कधीतरी पाहिलेलं असतं. बाबांच्या किती 'नको'वर मी चिडले होते, ते धुक्यासारखं मनात तरंगत राहिलं.

वळण सरलं. डोळे न उघडताच बाबा म्हणाले, "आता तुटक आहे. जा."