नमुन्याच्या नंबरप्लेटचा पहिला मान

माझ्या धाकट्या भावाचं लालबागला नंबरप्लेटचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि भिंतभर नमुने. सगळे त्याने स्वतः रंगवलेले. मिशा असलेला सात, पोटात मोदक बसवलेलं शून्य, आणि पोलिसांखेरीज कुणालाही 'दादा' वाचता येईल असे वळवलेले आकडे. गिऱ्हाईक भिंतीकडे बोट दाखवायचं, हा रंगवायचा, पुढच्या नाक्यावर पोलीस दंड करायचे. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

मग कारखान्यातून येणाऱ्या, एकाच साच्यातल्या प्लेटा सक्तीच्या झाल्या. भिंत राहिली, गिऱ्हाईक गेलं. भावापुढे एकच वाट उरली : त्या प्लेटा बसवून द्यायचं केंद्र मिळवायचं. नाहीतर गाळा सोडायचा. कंपनीने चाचणीसाठी एक नमुन्याची प्लेट पाठवली. नंबर खोटा, बाकी सगळं खऱ्यासारखं. ती स्कूटरला बसवून ठेवायची आणि सोमवारी त्यांचा माणूस येऊन तपासणार. तिचं कुलूप एकदा दाबलं की तोडल्याशिवाय निघत नाही, आणि तोडलं की प्लेट बाद.

तयारी मी हातात घेतली. भाऊ कलाकार आहे, आणि कलाकाराला स्वतःचा पाना सापडत नाही. माझी स्कूटर धुतली, जुनी प्लेट काढली, दुकानासमोर लावली आणि ड्रिलचं बिट आणायला माटुंग्याला गेले. परत आले तर स्कूटरची पाठ उघडीच.

"प्लेट कुठाय?"

भावाने गल्लीच्या टोकाकडे बघितलं. तिथे आमच्या मंडळाची विसर्जनाची ट्रॉली वर्षभर ताडपत्रीखाली उभी असते. ताडपत्री वर गुंडाळलेली होती. मागच्या लोखंडी पट्टीवर आमची प्लेट होती. हळद-कुंकू लावलेली, हार घातलेली, कुलूप दाबलेली.

"पट्टीला भोकं आधीच होती," भाऊ म्हणाला. "आणि आई म्हणाली."

पन्नाशीला टेकलेला माणूस हा!

आई दुकानाच्या पायरीवर फोडलेल्या नारळाचं खोबरं प्रसाद म्हणून वाटत बसली होती. "पयलो मान गणपतीचो. तुझ्या बापाशीन गिरणीतलो पयलो बोनस पण आदी थंयच ठेवल्यान."

"अगं, हा नमुना आहे! धंदा अजून सुरू व्हायचाय!"

"म्हणानच तर. सुरू झाल्यार कोण देवाक इचारता?"

आमच्याकडे पहिला आंबा, पहिला पगार, सगळं आधी मंडळात जातं. माझा मिक्सरसुद्धा एक रात्र देवासमोर राहून आलाय. मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं, कुलूप तोडू का? ते म्हणाले, "ताई, देवाच्या ट्रॉलीवरचं? तोडून बघा."

दुसरी प्लेट मागवायला वेळ नव्हता. मी आईला शिरा करायला सांगितला आणि भावाला दाढी.

सोमवारी कंपनीचा माणूस शीवहून घामाघूम होऊन आला. मी त्याला सरळ ट्रॉलीपाशी नेलं. लपवाछपवीत वेळ जातो.

"ही कोणाची गाडी?"

"गणपतीची."

"इंजिन?"

"पोरं ढकलतात."

त्याने हार बघितला, मग चपला काढल्या. मग वाकून दोन्ही हातांनी प्लेट ओढली. हिसके दिले. ट्रॉली कुरकुरली, प्लेट हलली नाही. त्याने मोजपट्टी लावून प्लेट सरळ आहे का तपासलं.

"कुणी बसवली?"

भाऊ माझ्या मागून पुढे आला. "मी."

"हात चांगला आहे." त्याने फोनवर कंपनीचा फॉर्म उघडला आणि अडला. "यात वाहनाचा प्रकार विचारतात. टू-व्हीलर, थ्री-व्हीलर..."

"इतर नाहीये का?" मी विचारलं.

होतं. पण फोटो स्कूटरचाच लागणार होता. "दुसरी प्लेट पाठवतो. ती माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर लावायची. लगेच."

"तिका निदान कुंकू..." आईने सुरुवात केली. मी तिच्या हातात शिऱ्याची बशी दिली.

व्हिडिओ कॉलच्या दिवशी मी आईला सकाळीच भोईवाड्याला मावशीकडे पोहोचवून आले. प्लेट स्कूटरला लागली आणि केंद्र मिळालं. भाऊ आता दिवसभर एकसारख्या प्लेटांची कुलपं दाबतो आणि माझ्याकडे कुरकुरतो, की यात करण्यासारखं काही नाही. मी म्हणते, गाळा आहे ना? मग दाब.