बनीतली पत्री

आधीच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. अंगात येणं, दृष्ट लागणं, कुणाचा तरी कोप होणं — या सगळ्याला मी जन्मभर नाक मुरडत आलेय. आमच्याकडे लिंबू येतं ते फक्त सरबतासाठी. त्यात माझी नोकरी सरकारी अन्न-तपासणी प्रयोगशाळेतली. दूध, तेल, मसाले, पनीर... काय काय नाकाशी धरलंय मी! अन्न सडायला कारण लागतं, वेळ लागतो, उष्णता लागते, हे मला कुणी शिकवायला नको. तुमचे सगळ्यांचे अनुभव या ग्रुपवर वाचते, खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसतेही. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची.

सतराएक वर्षं झाली. आम्ही तेव्हा दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा सुधीर एका मंत्रालयात, मुलगी इरा नऊ वर्षांची. सुधीर आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होता आणि त्या वर्षी त्याच्या डोक्यात ‘अ‍ॅडव्हेंचर वीकेंड’चं खूळ शिरलं. दर वर्षी तेच हळदीकुंकू आणि तीच नाटुकली, यार, काहीतरी वेगळं करूया, असं त्याचं म्हणणं. हरियाणात सोहन्याच्या पुढे अरवलीच्या टेकड्यांत एक कॅम्प होता. शनिवारी दोरावरून कडा उतरणं, रविवारी पहाटे तळ्यावर पक्षी, मग जवळच्या गावातली जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, जेवण आणि परत. आम्ही बावीस जण निघालो. गणपती पुढच्याच शुक्रवारी होते.

कॅम्पबद्दल काय सांगू... मला शिसारी आली, एवढंच. तंबूत ओल्या मोज्यांचा वास, गाद्यांना आधीच्या पाहुण्यांच्या घामाचा. बावीस माणसांत दोन संडास, त्यातल्या एकाची कडी तुटलेली. ताटांवरून बोट फिरवलं की कालचं तेल बोटाला. मी पर्समधून टिश्यू काढून तिघांची ताटं पुसली, तर सुधीर म्हणाला, “अगं, इथे तरी लॅब बंद ठेव.” दुपारी तो स्वतः कड्यावर अर्ध्यात लटकून राहिला आणि खालून सगळं मंडळ “सेक्रेटरीसाहेब, मिनिट्स ऑफ द मीटिंग तिथूनच सांगा” म्हणून ओरडत होतं. इरा मात्र दोनदा उतरली. घाबरली नाही अजिबात.

पहाटे तळ्यावर गेलो. पाणी भरलेलं, बगळे, दोन सारस, पलीकडे नीलगायींचा कळप. आमच्यातल्या एका गृहस्थांनी मोबाइलवर गाणं लावलं आणि त्यांच्या सौंनी नीलगायीकडे वेफर्स फेकले. पाकिटासकट. मला माझ्याच माणसांची लाज वाटली. इतरांपेक्षा आपण जरा बऱ्या, अशी माझी तेव्हा समजूत होती.

आमचा गाइड होता बलबीर, त्याच गावचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. बावडी दाखवून झाल्यावर तो आम्हाला गावाबाहेरच्या बनीपाशी घेऊन गेला. बनी म्हणजे राखलेलं रान, आपल्याकडच्या देवराईसारखं. आजूबाजूला सगळे बोडके दगड आणि मधे हा हिरवागार तुकडा. आत शिरण्याआधी बलबीरने चपला काढायला लावल्या आणि म्हणाला, “बस एक बात. यहाँ से पत्ता भी नहीं तोड़ते. गिरा हुआ भी नहीं उठाते. हमारे तो बकरी भी अंदर नहीं छोड़ते.”

सगळ्यांनी “अच्छा, अच्छा” म्हणून माना डोलावल्या. मीसुद्धा.

आता दिल्लीत राहणाऱ्यांना हे कळेल. इथे गणपतीला पत्री म्हणजे फूलवाला अशोकाची आणि आंब्याची पानं बांधून देतो आणि वर म्हणतो, “मैडम, इक्कीस पूरी हैं.” माझ्या सासूबाईंनी पुण्याहून दर वर्षी फोनवर विचारायचं, “आघाडा मिळाला का गं?” आणि मी दर वर्षी खोटं बोलायचं. आणि इथे माझ्यासमोर आघाडा! रुई, बोर, धोतरा, आणि एक भलंमोठं शमीचं झाड. ते लोक त्याला जांड म्हणतात. मला काही राहवेना. देवावर श्रद्धा वगैरे नव्हे हो... सासूबाईंना एकदा तरी खरं ‘हो’ म्हणता आलं असतं, एवढंच.

मंडळी पुढे गेली. मी मागे राहिले. शमीची खालची फांदी काट्यांच्या आत होती, माझा हात जाईना. इराला म्हटलं, “तुझे हात छोटे आहेत, तू तोड. पटकन. आघाडा पण घे.”

ती म्हणाली, “आई, काका नको म्हणाले ना?”

“देवासाठी नेतोय आपण. तोड.”

तिने तोडली. फ्रॉकच्या ओच्यात धरून उभी होती, तेवढ्यात बलबीर परत आला. मागोमाग सुधीर आणि निम्मं मंडळ. बलबीरचा चेहरा पार उतरला. आणि मी जे बोलले ते आजवर आमच्यापैकी कुणाला सांगितलेलं नाही. हा किस्सा मी दहा ठिकाणी तरी सांगितला असेन, पण एवढा भाग वगळून.

मी म्हटलं, “बच्ची है भैया. हमने मना किया था, सुना नहीं इसने.”

बलबीर इरासमोर उकिडवा बसला. “बेटा, तूने अपने मन से तोड़े?”

इराने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मग तिने मान हलवली — हो. सुधीर तिला सगळ्यांदेखत ओरडला. बलबीर एवढंच म्हणाला, “अब टूट गए तो टूट गए.” आणि पुढे चालू लागला. मी पत्री पिशवीत घालून पर्समध्ये टाकली. हो, तरीही टाकली.

जेवायला पुरी-भाजी आणि खीर होती. इराने पहिला घास घेतला आणि थुंकला. “आई, सडलंय हे.”

मी तिच्या ताटातली दुसरी पुरी हुंगली. ठीक होती. बाकीचे वीस जण ताव मारत होते. मला वाटलं, रुसलीय. मग मी तिने चावून ठेवलेली पुरी उचलून नाकाशी नेली. उन्हात तीन दिवस पडलेल्या मेलेल्या उंदराचा वास असतो ना, तो. तळलेल्या पुरीला. भाजीत तिची बोटं बुडाली होती तेवढ्या भागाला तार सुटली होती. मी ते ताट उचलून मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकलं आणि तिथेच ओकले.

घरी आल्यावर तेच. वरण-भात, दूध, ब्रेड, केळं... तोंडाला लावलं की संपलं. पोटात फक्त चमच्याचमच्याने पाणी टिकायचं, तेही निम्मं उलटून यायचं. सोमवारी मी लॅबसारखं केलं. एकाच पातेल्यातलं दूध दोन स्वच्छ ग्लासांत ओतलं. एकातून इराला एक घोट घ्यायला लावला. घड्याळ समोर. चार मिनिटांत तिच्या ग्लासातलं दूध फाटलं, वर पिवळट बुडबुडे आले, आणि वास असा की शेजारच्या अय्यर मॅडमनी दार वाजवून विचारलं, “कोई चूहा मर गया क्या?” दुसऱ्या ग्लासातलं दूध मी संध्याकाळी चहाला वापरलं. हा प्रयोग मी तीनदा केला. सुधीरने दोनदा डोळ्यांनी पाहिला. तिसऱ्यांदा तो खोलीतून उठून गेला.

मंगळवारी तिला अ‍ॅडमिट केलं. सलाइन लावलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टरांना मी वासाचं सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग इराला विचारलं, “स्कूल में कोई प्रॉब्लम है बेटा?” बुधवारी तिचे गाल आत गेले होते. ओठांच्या कडा फाटल्या होत्या. ती भूक लागली म्हणून रडायची आणि वाटी समोर आली की तोंड फिरवायची. आपलं मूल भुकेने सुकतंय आणि आपल्याला त्याच्याजवळ बसवत नाही, कारण त्याच्या तोंडाला कुजका वास येतोय... मला काय वाटत असेल तुम्हीच बघा. मी रुमालावर कोलन वॉटर शिंपडून नाकाशी धरायचे. तिला ते दिसायचं.

त्या रात्री कपडे घ्यायला घरी आले आणि फ्रिज उघडला. भाजीच्या ट्रेमध्ये रविवारी मीच ठेवलेली ती पत्रीची पिशवी. कोथिंबीर, पालक, सगळ्याचा काळा चिखल झालेला आणि त्यात पत्री तशीच्या तशी. आत्ता तोडल्यासारखी. तोडलेल्या टोकाशी ओलसर चीक. मी प्रयोगशाळेतली बाई, पण ती पिशवी मी चिमट्याने उचलली.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांशी भांडून, सही करून, इराला पाच तासांसाठी बाहेर काढलं. सुधीर म्हणाला, “तू? तू विश्वास ठेवतेस याच्यावर?” मी म्हटलं, “नाही ठेवत. गाडी काढ.” वाटेत नारळ घेतला, तेल घेतलं, अगरबत्ती, लाल कपडा. कशाचा काय उपयोग हे मला माहीत नव्हतं. बलबीर घरी नव्हता, मानेसरला गेला होता. सुधीर त्याला फोन लावत गाडीपाशीच थांबला. बलबीरची म्हातारी आई अंगणात चुलीशी बाजरीच्या भाकऱ्या थापत होती. मी तिला सगळं सांगितलं — म्हणजे, पहिल्यांदा सांगितलं होतं तसंच. मुलीने तोडली. नादानी झाली. माफ करा.

म्हातारी उठली, आम्हाला बनीच्या कडेला घेऊन गेली. मी पत्री आत ठेवली, नारळ फोडला, हात जोडले. इराला बिस्किट दिलं. तिने चावलं आणि माझ्या पायाशी ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं हिरवं पाणी. तोच वास.

मग इरा, उभंही राहवत नव्हतं तिला, म्हातारीपुढे हात जोडून म्हणाली, “दादी, मैंने ही तोड़े थे. मम्मी ने मना किया था. मैंने सुना नहीं. सॉरी.”

माझंच वाक्य. फक्त ‘इसने’च्या जागी ‘मैंने’.

आजवर मी पुष्कळ घाण पाहिलीय, नोकरीच होती ती. पण त्या क्षणी जी किळस आली तशी कधीच आली नाही, आणि ती पायाशी पडलेल्या ओकारीची नव्हती. मी खाली बसले. त्याच घाणीत बसले. म्हटलं, “अम्माजी, झूठ है. इसने मना किया था. मैंने तुड़वाए. और सबके सामने इसका नाम लगा दिया.”

म्हातारीने इराला हाताला धरलं. चिडलीबिडली नाही.

“तो पहले बोल देती,” ती म्हणाली. “बालक को क्यूँ भूखी मारी?”

अंगणात परत आल्यावर तिने चुलीवरची भाकरी मोडली, लोणी लावलं आणि तुकडा इराच्या हातावर ठेवला. इराने चावलं. थांबली. पुन्हा चावलं. मग दोन्ही हातांनी खायला लागली. मी तिच्या हातातला अर्धा तुकडा घेऊन हुंगला. बाजरी आणि धूर, दुसरं काही नाही. तिने दीड भाकरी खाल्ली आणि तिथेच बाजेवर झोपली.

मी म्हातारीला विचारलं, “अम्माजी, इसे हुआ क्या था?”

“मन्नै के बेरा?” मला काय ठाऊक, अशा सुरात ती पीठ मळता मळता म्हणाली. “मैं कोई डॉक्टर सूँ?”

बस. एवढंच. सुधीरला मी परतताना सांगितलं, अम्माजींनी काहीतरी मंत्र म्हटला. तो अजून तेच धरून आहे. आता हे वाचेल तेव्हा त्याला कळेल. वाचू दे.

शास्त्रीय खुलासा माझ्याकडे आजही नाही. चार मिनिटांत दूध तसं सडवणारा जंतू मी कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही. आणि कबूल केल्याने जंतू मरत असते तर प्रयोगशाळा कशाला काढल्या असत्या? कुणाला काही सुचत असेल तर खाली लिहा, मी खरंच वाचेन.

इरा आता सव्वीसची आहे, नोएडात नोकरी करते, रस्त्यावरचं काहीही खाते आणि पचवते. मागच्या महिन्यात घरी आली होती तेव्हा धीर करून तिला विचारलं, “तुला ते बनीचं आठवतं? तू तेव्हा बाबांना का नाही सांगितलंस, की आईने तोडायला लावलं म्हणून?”

ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “मला वाटलं, तू म्हणतेयस म्हणजे मीच माझ्या मनाने तोडली असेन.”