शेवटचं अक्षर

बराकपूर स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते, तेव्हा नचिकेतच्या आईचा, काकूंचा फोन आला. "नचिकेत गेला गं. ऑफिसातच... हृदय." मी म्हटलं, "बरं." हो, बरं! आणि उरलेली पत्रकं वाटून संपवली. त्याला काही आठवडे झाले. आत अजून काही हललेलं नाही.

नचिकेत आणि मी कोलकात्यात, दमदमला एकाच इमारतीत वाढलो. दोघांचेही वडील बदलीवर आलेले, मग इथेच राहिलेले. मी चळवळीत गेले, तो प्रोग्रॅमिंगमध्ये. इथल्या मुलांचं मराठी सुटत चाललंय म्हणून त्याने संगणकावर शब्दांच्या भेंड्यांचा खेळ बसवला. पहिल्याच दिवशी एका चिमुरडीने 'पाणी' लिहिलं. संगणकाने शेवटचं अक्षर म्हणून नुसती वेलांटी दाखवली, ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली. "दादा, ह्याच्यावरून काय म्हणायचं?" पोरं खिदळली. तो नाही हसला.

ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्याने खेळ लिहिला, तिला ण वेगळा दिसतो, वेलांटी वेगळी. म्हणून त्याने त्या भाषेच्या मूळ संचातच, म्हणजे तिच्यासोबत सगळ्यांना आपोआप मिळणाऱ्या तयार फंक्शनांमध्ये, आणखी दोन घालायचा प्रस्ताव मांडला: पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर. भाषा सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचं उत्तर आलं, ही निव्वळ सोय आहे. ज्याला हवी त्याने चार ओळी लिहून घ्याव्यात.

सोय! त्यांची इंग्रजी अक्षरं घरपोच, आमची आम्ही खणून काढायची. मी तावातावाने नवा मसुदा लिहून दिला. त्याने 'अन्याय' खोडला, 'मक्तेदारी' खोडली.

"अगं, मोर्चा नाहीये हा. त्या चार ओळी प्रत्येक जण चुकीच्या लिहितो, एवढंच दाखवायचंय."

"मग माझं काय उरलं त्यात?"

"स्वल्पविराम. छान देतेस."

त्याने मराठी, बंगाली, तमिळमधल्या चुका जमवून मांडल्या. विरोध मावळत गेला. शेवटी एकच प्रश्न राहिला: एकदा आत घेतलेलं सहसा काढता येत नाही, मग हे पुढे सांभाळणार कोण? त्याने लिहिलं, "मी." त्याच आठवड्यात तो गेला.

त्याचा सहकारी सौरव घरी आला. "दीदी, नाम बदलना पड़ेगा. नहीं तो बंद कर देंगे." प्रस्तावात सांभाळणारा म्हणून नचिकेतच्या जागी स्वतःचं नाव द्यायला तो तयार होता. मी भडकले. मेलेल्या माणसाचं नाव पुसायला निघालात? काकूंनी माझा हात दाबला.

"बदलू दे गं. पोरांना त्यांचं अक्षर मिळेल ना?"

मिळालं. प्रस्ताव मंजूर झाला.

नचिकेतच्या खोलीतला संगणक काकूंनी बंद केलेला नाही. तो घरघरत असतो, त्या शेजारी बसून भाजी निवडतात. मीही जाऊन बसते. काल लाइट गेली. घरघर थांबली, काकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली... थोड्या वेळाने लाइट आली, पंखा फिरू लागला. संगणक आपणहून सुरू होत नाही. बटण दाबायला आम्ही दोघीही उठलो नाही.