पप्पांची गाणी आणि डी ड्राइव्ह

घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं खूळ माझंच. पप्पांनी ते कधी मागितलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर पाव्हण्यारावळ्यांना मी कितीतरी दिवस उलटंच सांगत होते.

पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. नोकरी सांभाळून त्यांनी तीसेक वर्षं गायन पार्टी चालवली. जयंतीला, विहारात, कुणाच्या हळदीला, बोलावतील तिथे जायचे. गाणी स्वतः रचायचे आणि स्वतःच म्हणायचे. सगळ्या वह्या बदलापूरला, मांजर्लीतल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात, एका पत्र्याच्या पेटीत होत्या. ज्या वर्षी नदी घरात शिरली, त्या वर्षी पेटीत चिखल आणि पुठ्ठे तेवढे उरले.

पप्पा आठवून आठवून ती गाणी पुन्हा लिहायला बसले. या वेळी कॉम्प्युटरवर, कारण पाणी आलंच तर कॉम्प्युटरचा डबा उचलून वरच्या मजल्यावर नेता येतो, असा त्यांचा हिशोब. एका बोटाने टाइप करायचे. कडवं अडलं की अंबरनाथला, पार्टीतल्या एकट्या उरलेल्या ढोलकीवाल्या मित्राकडे जायचे. तो ठेका धरायचा आणि शब्द आपसूक यायचे, असं ते सांगत. दोन वर्षांत साठेक गाणी जमली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मित्र वारला.

कॉम्प्युटर आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून जोडून आणलेला. दुकानदार सिंधी, वयस्कर, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्याने पप्पांना समजावलं होतं, "देखो साहब, विंडोज सी में, आपका सामान डी में. सी कितनी बार भी उडाओ, डी को कुछ नहीं होता." आणि खरंच होत नसे. दर तीन-चार महिन्यांनी व्हायरस यायचा, पप्पा डबा चादरीत गुंडाळून रिक्षाने कॅम्प दोनला न्यायचे, तो फॉरमॅट मारून द्यायचा आणि डी ड्राइव्हमध्ये गाणी जशीच्या तशी असायची. आमच्या घरात डी ड्राइव्हवर बँकेच्या लॉकरपेक्षा जास्त भरवसा होता.

तेव्हा मला नुकतंच शहाणपण फुटलं होतं. ऑफिसात कुणीतरी लिनक्सच्या सीड्या दिल्या आणि मी दिसेल त्याला उपदेश करत सुटले. चोरीचं विंडोज कशाला वापरायचं, हे फुकट आहे, सगळ्यांचं आहे, याला व्हायरस लागत नाही. पप्पांना म्हटलं, "या वयात डबा काखोटीला मारून किती दिवस फिरणार तुम्ही?" ते म्हणाले, "मला काय त्रास नाय गं. तेवढंच फिरणं होतं." मी ऐकते होय!

निवड मात्र मी मन लावून केली. सीडी घातली की काही न बसवताच ते चालू होतं, म्हणून तीन रविवार तीन वेगवेगळी लिनक्स पप्पांना चालवायला दिली. पहिल्यात सगळं काळ्या पडद्यावर टाइप करावं लागे. पप्पा दोन मिनिटांत उठून चहा ठेवायला गेले. दुसऱ्यात मराठीतल्या वेलांट्या भलतीकडे जाऊन बसत. तिसरं त्यांना आवडलं. अक्षर मोठं, मेनू मराठीत, आणि मला हाक न मारता त्यांनी त्यात एक ओळ टाइप केली. नवशिक्यासाठी हेच, असं मी जाहीर केलं. त्या दिवशी मी फार खूश होते.

पुढच्या रविवारी सकाळी ते कायमचं बसवायला घेतलं. मध्येच प्रश्न आला, संपूर्ण डिस्क वापरायची का? त्या पडद्यावर सी नव्हता, डी नव्हता, अनोळखी अक्षरं होती. मी थांबायला हवं होतं. पण सी कितीही वेळा उडवलं तरी डीला काही होत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की शंकासुद्धा आली नाही. 'हो' दाबलं. पर्समध्ये माझा पेनड्राइव्ह होता. साठ गाणी त्याच्या कोपऱ्यात मावली असती.

दुपारी पप्पा आंघोळ करून, चष्मा पुसून बसले. "माझी गाणी कुठे ठेवलीस?" त्यांनी विचारलं. मी शोधत राहिले. डी नावाचं काही तिथे नव्हतंच. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे होते, आणि मी अख्खी डिस्क पुसली होती.

दुसऱ्या दिवशी मीच डबा चादरीत गुंडाळून कॅम्प दोनला नेला. दुकानदाराने दोन दिवस खटपट केली. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाचे काही फोटो निघाले, अर्धे करडे पडलेले. "ऊपर नया लिख गया है, बेटा," तो म्हणाला. मी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, रडले. पुरावर चिडता आलं होतं. या वेळी चिडायला मीच होते.

पप्पा पुन्हा लिहायला बसले, पण एखादं धृपद यायचं आणि तिथेच अडायचं. अडलं की जायला आता अंबरनाथला कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते, डोळे पुसत. पप्पा शेजारी येऊन बसले. "रडते कशाला येड्यासारखी? गाणी घरातच होती ना दोन वर्षं? तू वाचली असशीलच. पार्टीत आमचं तसंच असायचं, एकाने ओळ द्यायची, बाकीच्यांनी पुढे धरायचं. तू कुठलीही एक ओळ दे. पुढचं मी धरतो."

त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर ठेका धरला.

गाण्यांची ती फाइल मी एकदाही उघडली नव्हती, आणि पार्टीच्या कार्यक्रमांनाही कधी गेले नव्हते. पप्पांचीच गाणी, वाचू कधीतरी, असं म्हणत दोन वर्षं गेली होती. पप्पा डोळे मिटून वाट बघत राहिले. ठेका हळू होत होत थांबला.

"बरं," ते म्हणाले, "राहू दे."